सायकसच्या पानांतून अमेंटोफ्लेव्होन काढायचंय, सायकासिन कसं टाळू?

एमएस्सी_भाग२, नाशिक
गंगापूर रोडवरच्या बंगल्यातल्या सायकस रिव्होल्यूटाची (सागो पामची) पानं प्रोजेक्टला घेतली आहेत. अमेंटोफ्लेव्होन (पानांतलं एक फ्लेव्होनॉइड) वेगळं करून एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर एमटीटी (किती पेशी जगल्या हे रंगावरून मोजणारी चाचणी) करायची आहे. ८०% मिथेनॉलच्या अर्कात सायकासिन हे सायकसमधलं विषही उतरणार ना? शिवाय टीएलसीवर (सिलिकाच्या पातळ थरावर घटक वेगळे करून बघतात ती चाचणी) डाग लांब ओढले जातात.

पर्णरस
उतरणारच. पण सायकासिनला ग्लुकोज जोडलेलं असतं, त्यामुळे ते पाण्यात राहतं. अमेंटोफ्लेव्होन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सावलीत वाळवलेल्या पानांची ५० ग्रॅम पूड घ्या, आधी पेट्रोलियम ईथरने मेण काढा. मग ५०० मिली ८०% मिथेनॉलमध्ये २४ तास, असं दोनदा. मिथेनॉल ५० अंशांखाली पूर्ण उडवा. बहुतेकांचं इथेच चुकतं: मिथेनॉल उरलं की थर नीट सुटत नाहीत आणि सायकासिन इथाइल ॲसिटेटच्या वरच्या थरात चढतं. उरलेला अर्क २०० मिली पाण्यात घ्या, इथाइल ॲसिटेटने तीनदा काढा, दर वेळी १०० मिली. मध्ये फेसाळ थर अडकला तर मिठाचं संपृक्त पाणी थोडं घाला. शेवटी वरचा थर साध्या पाण्याने दोनदा धुवा, हे टाळू नका.

टीएलसीला टोल्युइन, इथाइल फॉर्मेट, फॉर्मिक ॲसिड ५:४:१. आम्ल नसलं की फिनॉल सिलिकाला धरून राहतात आणि डाग ओढला जातो. हिनोकिफ्लेव्होन या दुसऱ्या फ्लेव्होनॉइडचंही वस्तुमान अमेंटोफ्लेव्होनइतकंच, ५३८, म्हणून शेजारी शुद्ध अमेंटोफ्लेव्होनचा नमुना चालवा.

एमएस्सी_भाग२, नाशिक
एचपीएलसीत (दाबाखाली द्रवातले घटक वेगळे करणारं यंत्र) ३३० नॅनोमीटरच्या प्रकाशाला एकच शिखर आलं तर अर्क स्वच्छ समजू का सर?

पेशीकट्टा
नाही. सायकासिनमध्ये ॲरोमॅटिक कडं नाही, ३३० ला ते दिसतच नाही. २१५ च्या आसपास बघा.

खरी फसगत पुढे, एमटीटीत होते. सायकासिन आहे तसं बाधत नाही. आतड्यातल्या जिवाणूंचं बीटा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम त्याचं ग्लुकोज तोडतं, मिथाइलअ‍ॅझॉक्सिमिथेनॉल सुटतं आणि ते डीएनएमधल्या ग्वानिनला मिथाइल लावतं. जंतुरहित वाढवलेल्या उंदरांना सायकासिन खाऊ घातलं तेव्हा बाधलं नव्हतं, ते याच कारणाने. तुमच्या प्लेटमध्येही जिवाणू नाहीत, म्हणजे विषारी अर्क सुरक्षित ठरू शकतो. एका संचात बदामाचं बीटा-ग्लुकोसिडेज घाला, आणि नुसत्या एन्झाइमचा वेगळा कंट्रोल ठेवा. अर्कासोबत एन्झाइम घातल्यावरच पेशी जास्त मरत असतील तर धुणं अपुरं झालंय.

पर्णरस
बरोबर. अमेंटोफ्लेव्होन मोरपंखीच्या पानांतही असतं, तिथे सायकासिनचा त्रास नाही. तोच अर्क समांतर चालवा, तुलना भक्कम होईल.

बागवाला_नाशिक
झाड मादी असेल तर नारिंगी बिया लगेच उचलून घ्या. एक-दोन बियांनी कुत्र्याचं यकृत निकामी होऊ शकतं. ‘सागो पाम’ नावावरून कुणी बिया साबुदाण्यासारख्या शिजवू नयेत. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा. आणि तो सायकासिन असलेला पाण्याचा थर सिंकमध्ये ओतू नका, नाव लिहिलेल्या बाटलीत वेगळा ठेवा.