मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेल उपचार : भावासाठी निर्णय घ्यायचा आहे

निफाडची ताई
नमस्कार. दहा महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचा पिंपळगाव बसवंतजवळ दुचाकीचा अपघात झाला आणि छातीच्या दहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली. शस्त्रक्रिया लगेच झाली, पण कमरेखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. कागदपत्रांवर ‘एशिया ए’, म्हणजे पूर्ण इजा, अशी नोंद आहे. एका खासगी केंद्राने त्याच्याच अस्थिमज्जेतून स्टेम सेल (मूलपेशी) काढून कमरेतून इंजेक्शनने सोडण्याचे सुचवले असून काही लाख रुपये खर्च सांगितला आहे. त्यासाठी वडील द्राक्षबागेचा तुकडा विकायला निघाले आहेत. हा उपचार मान्यताप्राप्त आहे का, हे जाणकारांनी कृपया स्पष्ट सांगावे.

फिजिओथेरपिस्ट, पंचवटी
ताई, जमिनीचा व्यवहार आधी थांबवा. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांत केले जाणारे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा इतर कोणताही वापर अजून संशोधनातच मोडतो; तो मंजूर चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणजे जिथे लाखो रुपये मागितले जातात, तिथे तो सिद्ध उपचारही नसतो आणि नियमाने चाललेली चाचणीही नसते.

संशोधन मात्र खरे आहे. अमेरिकेत २०१० मध्ये भ्रूणमूलपेशींपासून तयार केलेल्या पेशी पहिल्यांदा अशा रुग्णाला दिल्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी कंपनीने आर्थिक कारणाने ती चाचणी थांबवली. जपानने २०१८ मध्ये रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशींच्या एका उपचाराला सशर्त मान्यता दिली, पण मोजक्याच रुग्णांवरचा आणि तुलनेसाठी दुसरा गट नसलेला तो पुरावा अनेक शास्त्रज्ञांना पुरेसा वाटला नाही. तिथल्याच केइओ विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये आयपीएस पेशींपासून (प्रौढ शरीरातील साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींचे रूप देऊन बनवलेल्या) तयार केलेल्या पेशी दिलेल्या चार रुग्णांचे निष्कर्ष जाहीर केले : दोघांत सुधारणा दिसली, त्यांतला एक आधाराशिवाय उभा राहू शकला. हे वाचून मलाही आनंद झाला होता. परंतु त्या सर्वांना इजेनंतर दोन ते चार आठवड्यांतच पेशी दिल्या होत्या. तुमच्या भावाच्या इजेला दहा महिने झाले आहेत आणि तोवर इजेच्या जागी तयार झालेला व्रण चेतातंतूंच्या वाढीला अडथळा ठरतो.

सिन्नर
आमच्या नात्यातील एकाच्या पायाचा अंगठा अशा इंजेक्शननंतर हलू लागला. त्याचे काय?

फिजिओथेरपिस्ट, पंचवटी
दादा, इजेनंतर पहिल्या वर्षात, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, काही रुग्णांत आपोआप सुधारणा होते. शिवाय अशा केंद्रांत इंजेक्शनसोबत रोज कसून व्यायामही करून घेतात, त्यामुळे कशाचा परिणाम झाला हे एका रुग्णावरून ठरवता येत नाही.

व्हीलचेअरवरून, सातपूर
माझी इजाही साधारण त्याच जागेची आहे. ताई, तुमच्या भावाच्या जिवाला खरा धोका एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमांचा आणि लघवीच्या संसर्गाचा आहे, म्हणून पैसा आधी तिकडे वळवा. चांगली उशी आणि गादी घ्या, रात्री दर दोन तासांनी कूस बदला, खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलण्याची सवय लावा. ठरावीक वेळी स्वतःच नळी घालून लघवी काढणे त्याला शिकवाच, कारण मूत्राशय तुंबत राहिले तर मूत्रपिंडे खराब होतात. बाथरूमचे दार रुंद करून घ्या. मुंबईत हाजी अलीला शारीरिक पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे एकदा अवश्य दाखवा. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र अजून काढले नसेल तर काढून घ्या. छातीपर्यंतचे स्नायू आणि दोन्ही हात शाबूत असलेला माणूस स्वतः कपडे घालतो, गाडी चालवतो, कामावर जातो, मीही जातो.

निफाडची ताई
मनापासून आभार. वडिलांचे म्हणणे एवढेच आहे, की फायदा झाला नाही तरी नुकसान तर होणार नाही ना?

फिजिओथेरपिस्ट, पंचवटी
होऊ शकते. पाठीच्या कण्यात सुई गेली की मेंदूज्वराचा धोका असतो, मग तो थोडा का असेना. पोर्तुगालमध्ये नाकातील पेशी मज्जारज्जूत बसवून घेतलेल्या एका तरुणीच्या पाठीत आठ वर्षांनी गाठ वाढली आणि ती शस्त्रक्रियेने काढावी लागली. ही घटना २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेली आहे. दुसरे असे, की आधी कुठे पेशी घेतलेल्या रुग्णाला पुढच्या चाचण्यांत बहुधा घेत नाहीत, त्यामुळे उद्या खरोखर उपयोगी चाचणी आपल्याकडे आली तर भावाची संधी आजच जाईल. वडिलांना सोबत घेऊन त्या केंद्राकडे सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीच्या मंजुरीची प्रत लेखी मागा. सीटीआरआय ही देशातील चाचण्यांची सरकारी नोंदवही सर्वांसाठी खुली आहे, क्रमांक तिथे पडताळता येतो. मात्र क्रमांक मिळाला आणि तरीही पैसे मागितले, तर काहीही भरू नका.