खुनी कळला, पण का ते अजून नाही!

काल माळा आवरताना एका जाडजूड थ्रिलरमधून विजेचं बिल पडलं, २०१४ चं. मागे माझ्याच अक्षरात नावं, बाण, फुल्या! गोष्ट नॉर्वेतली, सगळी नावं जिभेला गाठ मारणारी म्हणून यादी केलेली. एक प्रकरण १९८० चं, पुढचं आत्ताचं, मधेच तिरप्या टायपात खुनी स्वतःशीच बडबडतोय, तेवढ्यात इन्स्पेक्टरचा घटस्फोट. तीन रात्री जागले, सकाळचे डबे कसे केले माझं मला माहीत, आणि शेवटी खुनी कोण तर दातांचा डॉक्टर, जो पान ४० वर एकदाच येऊन कुणाची तरी दाढ काढून गेलेला!! माझ्या यादीत काय, तर "डेंटिस्ट, सोडा" आणि वर फुली.
तुम्ही असे कधी फसलात का? पुस्तकाचं नाव नको, कुणाचं तरी आवडतं निघतं आणि मग भांडणं.

खिचडी_कढी: "डेंटिस्ट, सोडा" हाहाहा मेले

लोकलवाली: किंडलवर तर अजून हाल, बोट घालून मागची पानं बघता येत नाहीत. ठाण्याला खून, दादरला फ्लॅशबॅक, दुसऱ्या दिवशी परत बसले की कोण मेलंय तेच आठवत नाही. ७० टक्क्यांवर सोडलं, खुनी मोकळाच फिरतोय अजून

जुनाट: खुनी लपवणं वेगळं आणि वाचकाला अंधारात ढकलणं वेगळं. अगाथा क्रिस्तीबाईंचं एबीसी मर्डर्स बघा, १९३६ चं. अ‍ॅन्डोव्हरला अ‍ॅशर, बेक्सहिलला बर्नार्ड, प्रेताजवळ दर वेळी रेल्वेचं एबीसी गाईड. सगळं समोर मांडलेलं आणि तरी मी गंडलो, वर खूश झालो. हे हल्लीचे नुसते पत्ते पिसत बसतात, डाव टाकतच नाहीत.

खिचडी_कढी: जुनाटकाका शेवट सांगू नका हं, माझं अर्धं झालंय

पेठेतली: आम्हाला थ्रिलर वाचायची गरजच पडली नाही. पुण्यात जोशी-अभ्यंकर खुनांच्या वेळी, १९७६-७७ ला, मी सातवीत. अंधार पडला की गल्ली ओस. बाबा आतून आवाज ओळखायचे तेव्हा कडी निघायची, एकदा सर्दीने माझाच घसा बसलेला तर जिन्यात उभी ठेवलेली, पाढे म्हण म्हणाले! आणि पकडले ते कोण, आर्ट कॉलेजातली पोरं. १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. म्हणून कादंबरीतला खुनी "लहानपणी आई रागवायची" म्हणून गावभर मुडदे पाडायला लागला की मी पुस्तक मिटते.

लोकलवाली: पाढे!!! कितीचे?

पेठेतली: सतराचा. चुकला पण घेतलं आत

गिरगावकर: आजोबा मुंबईतल्या रामन राघवचं सांगायचे. १९६८, फुटपाथवर झोपणाऱ्यांची डोकी फोडायचा, लोक काठ्या घेऊन रात्री गस्त घालायचे. पकडल्यावर तोंड उघडेना, शेवटी कोंबडी मागितली, ती खाल्ली आणि मग बोलला. हे कुणी कादंबरीत घातलं असतं तर आपणच म्हटलं असतं काहीही फेकतोय. बाकी नंतर लिहितो, गॅसवाला आलाय

खिचडी_कढी: विषयांतर होतंय पण दाढेवरून आठवलं, ठाण्यात रूट कॅनालला कुणी चांगलं आहे का? दोन दिवस झोप नाही

धागा काढणारी मी: ह्या धाग्यावर डेंटिस्ट मागतेयस? धन्य आहेस बाई. थांब, तुला वेगळा निरोप टाकते.