दूध संकलनाच्या हिशेबासाठी प्रोग्रामिंग शिकायचे आहे : सुरुवात कोणत्या भाषेने करावी?

नमस्कार. मी फलटण तालुक्यातील एका दूध संकलन केंद्रावर हिशेबाचे काम पाहते. वय ४१, शिक्षण बी.कॉम., एमएस-सीआयटी झालेली आहे आणि एक्सेल रोज वापरते. दर दहा दिवसांनी प्रत्येक उत्पादकाचे बिल काढताना दोन्ही वेळचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ) पाहून दर लावावा लागतो. दरपत्रक बदलले की एक्सेलमधील सूत्रे इतकी लांबत जातात की चूक नेमकी कोठे झाली, ते मलाच सापडत नाही. म्हणून प्रोग्रामिंग मुळापासून शिकायचे ठरवले आहे. एका क्लासमध्ये चौकशी केली, तेव्हा आधी सहा महिने सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही, असे सांगण्यात आले. हे खरे आहे का? माझ्याकडे चार जीबी रॅमचा, विंडोज १० असलेला जुना लॅपटॉप आहे. रात्री साधारण एक तास मिळतो. इंग्रजी वाचता येते, पण फारसा सराव नाही. सातवीत शिकणारा मुलगाही सोबत बसणार आहे.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही पायथॉनने सुरुवात करावी, असे मी अगदी खात्रीने सांगेन. खिदो व्हान रॉसम यांनी ही भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी ते ॲम्स्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत एबीसी नावाच्या, नवशिक्यांसाठी आखलेल्या भाषेवर काम करत होते, आणि तिचा साधेपणा पायथॉनमध्ये उतरला आहे. महिरपी कंस आणि प्रत्येक ओळीअखेरचा अर्धविराम यांची येथे गरज नसते. कोणती ओळ कोणत्या अटीखाली येते, ते समास सोडून दाखवले जाते.

तुमच्या लॅपटॉपवर थॉनी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात ते नवशिक्यांसाठीच तयार झाले असून त्यासोबत पायथॉनही आपोआप बसते. प्रोग्राम एकेक पायरी चालवून त्या क्षणी कोणत्या नावाखाली कोणता आकडा किंवा मजकूर साठवलेला आहे, ते त्यात पाहता येते. लांब सूत्रात हरवलेली चूक शोधण्याची तुमची जी अडचण आहे, तिच्यावर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

पाठ्यक्रमाच्या मागे लागू नका. पहिल्या आठवड्यात एकाच उत्पादकाचे, एकाच वेळचे दूध घ्या : गाईचे दूध, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ असेल तर मूळ दर, त्याहून कमी असेल तर ठरलेली कपात. एक्सेलमधील इफ, म्हणजे अट तपासणारे सूत्र, तुम्ही वापरतच आहात; येथे तेच वेगवेगळ्या ओळींवर, वाचता येईल असे लिहायचे आहे. ते नीट जमल्यावरच तीच कृती सर्व उत्पादकांसाठी फिरवणारे लूप शिका, आणि नंतर एक्सेलमधील यादी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) म्हणून वाचायला शिका. एक सावधगिरी मात्र बाळगा : जुन्या धड्यांत प्रिंट या शब्दापुढे कंस नसेल, तर तो धडा पायथॉन २ चा आहे. ती आवृत्ती २०२० च्या आरंभी बंद झाली.

प्रतिसाद २

मी अनेक वर्षे पदविकेच्या विद्यार्थ्यांना सी शिकवतो आणि त्या भाषेवर माझे प्रेम आहे, तरीही क्लासमध्ये तुम्हाला मिळालेला सल्ला मला पटत नाही. संगणकाची मेमरी प्रत्यक्ष कशी वापरली जाते, ते समजून घ्यायचे असेल तर सी शिकावी. पण त्यात नुसता एक आकडा वाचताना एखादे चिन्ह राहून गेले, तरी प्रोग्राम कारण न सांगता बंद पडू शकतो आणि नवशिक्याला वाटते की आपल्याला हे जमणारच नाही. मी वर्गात असे चेहरे पाहिले आहेत. पायथॉन निदान कोणत्या ओळीवर अडचण आली, ते सांगते. तो संदेश इंग्रजीत असला तरी शेवटची ओळ आधी वाचावी आणि तिच्यातील शब्द वहीत अर्थासह लिहून ठेवावेत. तेच तेच दहा-बारा शब्द पुन्हा पुन्हा येतात.

प्रतिसाद ३

मुलाविषयी थोडे. लहान मुलांसाठी एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाची स्क्रॅच ही ठोकळे जोडून प्रोग्राम करण्याची भाषा २००७ पासून आहे आणि ती उत्तम आहे, पण सातवीतील मुलगा टाइप करू शकत असेल तर त्याला पायथॉनमधीलच टर्टल द्यावे. पडद्यावरचे कासव चालवून चित्र काढण्याची ही कल्पना १९६७ मध्ये सुरू झालेल्या लोगो या भाषेकडून आलेली आहे. शंभर पावले पुढे, नव्वद अंश उजवीकडे, असे चार वेळा केले की चौरस होतो. मग पाच टोकांच्या चांदणीसाठी किती अंश वळावे, ते त्याला स्वतः शोधू द्या. उत्तर १४४ आहे, पण कृपया ते सांगू नका.

मूळ प्रश्नकर्ती, आठ दिवसांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. थॉनी घेतले आणि पहिला प्रोग्राम लिहिला, पण सकाळचे १२ लिटर आणि संध्याकाळचे ८ लिटर यांची बेरीज १२८ आली. दोन रात्री शोधूनही कारण कळले नाही.

प्रतिसाद १

ही चूक जवळजवळ प्रत्येकाची होते. इनपुट ही आज्ञा जे काही घेते ते मजकूर म्हणूनच घेते, आणि दोन मजकुरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक जोडणे. म्हणून घेतलेला प्रत्येक आकडा आधी फ्लोटमध्ये, म्हणजे मजकुराची दशांश संख्या करणाऱ्या आज्ञेत, घालून त्याची संख्या करून घ्या.

तुम्ही विचारलेले नाही, पण पुढे लागेल. पायथॉन ३ मध्ये सकाळ, संध्याकाळ, दर अशी नावे देवनागरीत ठेवता येतात. चालू प्रोग्रामला देवनागरी अंक टाइप करून दिले तरी फ्लोट त्यांची बरोबर संख्या करते. मात्र प्रोग्रामच्या ओळींत देवनागरी अंक संख्या म्हणून थेट लिहिले तर ते चालत नाहीत. तसेच मराठी शब्दाची लांबी मोजताना काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे ‘मराठी’ची लांबी पाच येते आणि बिलातील नावांचे रकाने वाकडे होतात. ही तुमच्या प्रोग्राममधील चूक समजू नका.

आणि रकमा शक्यतो पैशांत, पूर्णांकात ठेवा. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, कारण संगणक हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) साठवतो आणि तेथे ते पूर्ण बसत नाहीत. प्रोग्राम तयार झाला की मागील दहा दिवसांची बिले त्यातून पुन्हा काढून एक्सेलशी ताडून पाहा, आणि प्रत्येक उत्पादकाची रक्कम पैशापर्यंत जुळत नाही तोवर खरी बिले जुन्याच पद्धतीने द्या.