अंतर हद्दीपासून, उंची मूळ जमिनीपासून
सामासिक अंतर, म्हणजे भूखंडाची हद्द आणि इमारत यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा, कुंपणाच्या भिंतीपासून मोजावे, असे या चर्चेत एका सदस्याने सुचवले आहे. ती सूचना धोक्याची वाटते, म्हणून लिहीत आहे. कुंपण हे मालकाच्या सोयीने बांधलेले असते, हद्द मात्र मोजणीच्या नकाशाने ठरते. भिंत हद्दीबाहेर ४० सेंटिमीटर सरकलेली असेल आणि आपण तिच्यापासून ३ मीटर अंतर सोडले, तर प्रत्यक्षात २.६ मीटरच सुटतात आणि ही चूक पाया भरून झाल्यावरच लक्षात येते. समोरचा रस्ता रुंद होणार असेल, तर पुष्कळ ठिकाणी अंतर आजच्या हद्दीऐवजी नियोजित रस्तारेषेपासून धरले जाते आणि रस्त्यात जाणारी जमीन भूखंडाच्या क्षेत्रफळातूनही वजा होऊ शकते. कोपऱ्यावरच्या भूखंडाला तर दोन्ही रस्त्यांचा विचार करावा लागतो.

इमारतीच्या उंचीचा प्रश्न याहून नाजूक आहे. समजा, ती भूखंडाच्या सरासरी पातळीपासून मोजायची आहे आणि मर्यादा १० मीटर आहे. उतारावरच्या भूखंडाचे दोन कोपरे ० आणि दोन २ मीटर पातळीवर असतील, तर सरासरी पातळी १ मीटर येते. तिच्यापासून १० मीटर उंच असलेली इमारत खालच्या शेजाऱ्याला ११ मीटर दिसते, तरी ती नियमात बसते. भराव टाकून ही पातळी वाढवता येऊ नये, यासाठी अनेक नियमावल्या कामापूर्वीची नैसर्गिक पातळीच ग्राह्य धरतात आणि ते मला अगदी योग्य वाटते. वरचे टोकही सर्वत्र एकच नसते: उतरत्या छपराची उंची काही ठिकाणी माथ्यापर्यंत, तर काही ठिकाणी वळचण आणि माथा यांच्या मध्यापर्यंत मोजतात.