कामगारांचा विचार आराखड्याच्या कोणत्या टप्प्यावर करावा?

प्रश्न
नव्या जुळणी विभागाचा आराखडा करताना आम्ही यंत्रांची मांडणी आणि प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ आधी पक्का करतो. गटरचना, पाळ्या आणि प्रशिक्षण यांचा विचार शेवटी होतो. उत्पादनाचे लक्ष्य न सोडता हा क्रम बदलता येईल का?

प्रतिसाद १
बदलायलाच हवा, कारण कामाची विभागणी ठरली की माणसांचे परस्परसंबंधही नकळत ठरून जातात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक या सामाजिक संशोधन संस्थेच्या एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी १९५१ साली ब्रिटिश कोळसा खाणींबद्दल हेच दाखवले. यंत्रे आल्यावर सगळी कामे मिळून करणारे छोटे गट मोडले, आणि कोळसा कापणे, भरणे व वाहक पट्टा पुढे सरकवणे ही कामे वेगवेगळ्या पाळ्यांत वाटली गेली. एका पाळीचे काम अपुरे राहिले की पुढची पाळी अडायची आणि दोष एकमेकांवर ढकलला जायचा. पुढे काही खाणींत तशाच यंत्रांवर, पण आपसांत काम वाटून घेणाऱ्या बहुकुशल गटांनी अधिक चांगले काम केले. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत त्याच संस्थेच्या ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये स्वयंचलित मागांवर केलेला प्रयोगही याच वळणाचा होता. म्हणजे यंत्र तेच ठेवूनही विभागणीचे पर्याय उरतात. ते कागदावर असतानाच तपासावेत.

प्रतिसाद २
तत्त्व मान्य आहे, मात्र असा स्वायत्त, म्हणजे आपले काम आपणच वाटून घेणारा गट हा सर्वत्र चालणारा तोडगा नाही. व्होल्व्होच्या स्वीडनमधील उद्देवाला येथील कारखान्यात छोटे गट जवळजवळ संपूर्ण मोटार जोडत. १९८९ मध्ये सुरू झालेला तो कारखाना १९९३ मध्ये बंद झाला. (तेव्हा मोटारींची मागणीही घटलेली होती, त्यामुळे केवळ गटपद्धतीला दोष देणे घाईचे ठरेल.) उलट टोयोटाच्या पद्धतीत काम छोट्या, प्रमाणित तुकड्यांतच असते, पण अडचण दिसताच दोरी ओढून मदत मागण्याचा आणि ती वेळेत न सुटल्यास जुळणीची साखळी थांबू देण्याचा अधिकार कामगाराला असतो.

प्रश्नकर्ता
आमची यंत्रे खरेदी झालेली आहेत. आता काय हाती उरते?

प्रतिसाद १
बरेच काही. दोन टप्प्यांमध्ये थोडा माल साठण्याची जागा ठेवली, तर प्रत्येकाला शेजाऱ्याच्या वेगाला जखडून राहावे लागत नाही. तपासणी वेगळ्या विभागाकडे न देता दोष जिथे निर्माण होतो तिथेच ठेवावी, आणि तिची मोजमापे आधी त्याच गटाला दिसावीत, व्यवस्थापकाला नंतर.