मदत हवी आहे: इटली सोडताना खोलीचं डिपॉझिट

नमस्कार मंडळी. मी पादोवा विद्यापीठात वर्षभराच्या एक्स्चेंजवर आहे, जुलैअखेर नाशिकला परततेय. तोंडी परीक्षा चालू आहेत, त्यातच खोलीची आवराआवर.

अडचण डिपॉझिटची आहे. घरमालकीणबाई म्हणतात, वीज-गॅसची शेवटची बिलं आली की पैसे पाठवीन, म्हणजे मी गेल्यावर. इथल्या कायद्याने तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. माझं तेवढं पूर्ण आहे आणि आईबाबांसाठी ही रक्कम मोठी आहे. बाई प्रेमळ आहेत, इथून कटुता घेऊन निघायचं नाही. पण लेखी काहीच नाही. खिडकीखालचा ओलीचा डाग मी येण्याआधीचा आहे, त्याचा राहायला आले तेव्हाचा फोटो आहे. मीटरच्या आकड्यांचेही काढणार आहे.

किल्ल्या देताना नेमकं काय लिहून, सही करून घ्यावं? पैसे येईपर्यंत इथलं बँक खातं चालू ठेवावं, की थेट भारतातल्या खात्यावर मागवावेत?

शिवाय पुस्तकं बरीच साठलीत, सोडवत नाहीत. इटलीहून पोस्टाने कुणी पाठवली आहेत का? कस्टममध्ये अडकतात का? अनुभव असेल तर जरूर सांगा.