फोर बाय फोर खरंच लागते का?

बागेसाठी कुठली गाडी घ्यावी, या प्रश्नावर एक सल्ला आलाय: बागेत जायला शेवटचे दोन किलोमीटर लाल मातीचे, म्हणून फोर बाय फोरच (चारही चाकांना इंजिनची ओढ मिळणारी गाडी) घ्या. थोडं थांबा.

माझी साधी टू-व्हील ड्राइव्ह पिकअप रत्नागिरीकडच्या अशाच लाल मातीच्या चढावर चालते. भर मोसमात आंब्याच्या पेट्या खचाखच भरून आली तरी कुरकुरत नाही. रखडते ती जुलैत, रिकामी असताना! पिकअपचं इंजिन पुढे, ओढतात मागची चाकं, आणि मागे हौदा रिकामा. वजनच नाही तर पकड कुठून येणार? शेवाळलेल्या जांभ्यावर चाक जागच्या जागी गरगरतं. त्यावर आमचा गावठी इलाज म्हणजे हौद्यात मागच्या ॲक्सलच्या वर पंधरा-वीस चिरे (जांभ्याचे बांधकामाचे दगड). (घट्ट रचा, नाहीतर ब्रेक मारल्यावर घरंगळत पुढे येतात.) बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

वर्षातले आठ-दहा दिवसच अडत असेल तर आधी टायर बदला. गुळगुळीत टायरवर फोर बाय फोरही घसरते, आणि उतारावर ब्रेकला तिचा काही उपयोग नाही.

पण ट्रॉली ओढायची असेल, ओढ्यातून जायचं असेल, तर मात्र फोर बाय फोरच. तिथे खरं काम तिचा लो गिअर करतो, म्हणजे वेग कमी करून ताकद वाढवणारा जादा गिअर. फक्त इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपसारख्या पार्ट-टाइम गाडीत, म्हणजे जिथे फोर-व्हील गरजेपुरतंच लावायचं असतं, कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळू नका. पुढचा-मागचा ॲक्सल एकत्र बांधलेला असतो, वळताना सगळा ताण ट्रान्सफर केसवर (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर) येतो.

तुमची बाग चढावर आहे की खाली ओढ्याकाठी?